नाव न सांगता गेलेला पावना

धानाचं रोवणं सुरू झालं की मंगरू आपली तलावाची वाट बदलायचा. तलावाच्या उंच पाळीखालच्या बांध्यांमधून गेलं तर पाच मिनिटं, गावाला वळसा घातला तर वीस. खांद्यावर ओलं जाळं घेऊन तो वळसाच घालायचा. तेवीस वर्षं. कारण बांध्यांत बाया कमरेत वाकून धान रोवायच्या आणि त्यांच्यात त्याची बायको, शकुन, ते गाणं म्हणायची :

दोन दिसाचा पावना आला,
नाव न सांगता निंगून गेला.
पाळीवर वाट मी पाहू किती,
ओली मायी चोळी, ओसरी रिती.

लग्नानंतरच्या दुसऱ्या रोवण्यात त्यानं ते पहिल्यांदा ऐकलं. तेव्हा शेजारच्या वच्छलानं हाळी दिली होती, "काहो मंगरूभाऊ, पावना कोन होय, पुसा ना शकुनले! नाकाडोंगरीचा दंडारवाला त नाई?"

बाया चिखलातच हसू लागल्या. शकुन हसली नाही. मंगरूनं तेवढंच धरून ठेवलं.

नाकाडोंगरी शकुनचं माहेर. तिथल्या मंडईच्या जत्रेत हिरालाल नावाचा पोरगा दंडारीच्या खेळात गायचा, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं बायकोला काही विचारलं नाही, हात उगारला नाही. फक्त दिवाळीनंतर मंडईचं बोलावणं आलं की नेमकं त्याला तलावावर काम निघायचं. शकुनही एकटी जायची नाही. माहेरचं माणूस दोनदा-तीनदा न्यायला आलं, मग येईनासं झालं.

यंदा ज्योत्सनाला, त्यांच्या लेकीला, लाखनीच्या कॉलेजात काम मिळालं : गावातलं एखादं गाणं भावार्थासह लिहून आणा. तिनं आईचंच गाणं घेतलं आणि सकाळी ओसरीत वाचायला बसली. मंगरू जाळं सांधत होता. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवलेला, उठता येईना.

"'ही प्रियकराच्या विरहानं पोळलेल्या स्त्रीची व्यथा आहे. आसवांनी तिची चोळी भिजली आहे. रिती ओसरी म्हणजे तिच्या मनातली पोकळी.' कसं वाटलं, माय?"

शकुन राखेत मासे घासत होती. "बेस लिवलं. पन आसवं पदरानं पुसते मानूस. चोळी कायनं ओली होईन?"

"मंग?"

"दूध उतरलं होतं, बाई. प्यायले कोनी नोतं."

मंगरूच्या हातातली गाठ सुटली.

पहिला मुलगा. दोन दिवस जगला. बारसं झालं नव्हतं, म्हणून घरात कुणी रडलं नाही. नावच नाही, तर आठवण कोणत्या नावानं काढणार? मंगरूनंच त्याला आपल्या दुपट्ट्यात गुंडाळून पाळीवर मोहाच्या झाडाखाली मातीत ठेवलं होतं. बाळंतिणीला जागा सांगायची नाही अशी रीत, म्हणून सांगितली नाही. पुढल्या रोवण्यापर्यंत तोही विसरला.

ज्योत्सनाचा कागद मांडीवर पडला. "मले कोनी सांगतलंच नाई."

"कोन सांगीन? तुया बाबाले त गानंई आयकवत नाई. वळसा घालून जाते बिचारा. म्हनून मीई कधी विषय काहाडला नाई." मग ती मंगरूकडे वळली. "आता त जागा दाखवा."

दोघं पाळीवर गेली. दोन वर्षांपूर्वी मशीननं माती टाकून पाळ उंच केली होती. मोह राहिला नव्हता. मंगरू पुढे गेला, मागे आला. शेवटी एका ठिकाणी थांबला.

"इथंसाच."

शकुन बसली. तळवा मातीवर ठेवला. खालच्या बांधीतून वच्छलानं हाक मारली, "शकुने, येतं का रोवाले, का तिथंच बसतं?"

हिरालालचं नाव मंगरूच्या जिभेवर आलं. मनातला संशय एकदाचा सांगून टाकावा, असं त्याला वाटलं.

"मले लोक हासत," शकुन म्हणाली, "पन मले मालूम होतं, अजून एक जन रडून राहिला. त्याच्यावरच काहाडले येवढे साल. रडत होते ना तुमी?"

मंगरूनं तलावाकडे पाहिलं.

"हव," तो म्हणाला.