रिकामा न जाणारा डबा

नोएडात आमच्या खालच्या मजल्यावर साताऱ्याच्या एक काकू राहतात. दर ईदला मी त्यांना स्टीलच्या डब्यातून शीरखुर्मा देते आणि दोन दिवसांत तोच डबा वर येतो, कधी चिवडा घालून, कधी पुरणपोळ्या. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत आम्ही दोघी आपापल्या माहेराहून घेऊन आलो.

मागच्या ईदला महिना उलटला तरी डबा आला नाही. मी मुळात तापट, त्यात मनात नको ते आलं: माझ्या हातचं आता चालेनासं झालं की काय? हल्ली असा विचार यायला वेळ लागत नाही. एका दुपारी तणतणत खाली गेले आणि दारातच डबा मागितला.

काकूंचा चेहरा उतरला. "अगं, आणून देणारच होते," म्हणत त्या आत गेल्या. स्वयंपाकघरातून एकामागून एक डबे उघडल्याचे आवाज येत राहिले. कामाच्या दिवशी भर दुपारी काका पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांची नोकरी जाऊन चार महिने झाले होते, हे मला तेव्हा कळलं. काकूंनी डबा आणून दिला. तळाशी मूठभर साखर होती.

घरी सासऱ्यांना, अब्बांना, सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "शरियत कशासाठी आहे? माणसाचा धर्म, जीव, अक्कल, वंश, माल राखायला. काही आलिम, धर्माचे विद्वान, त्यात अब्रूही धरतात. भेट द्यायची ती मनं जुळावीत म्हणून. तू परतफेड मागायला गेलीस, तीही दारात उभी राहून."

मला लाज वाटली. अजून वाटते.

यंदा मी शहाणपणा केला. शीरखुर्मा कागदी वाट्यांतून नेला, म्हणजे परत करायचा प्रश्नच नको. काकू वाट्यांकडे बघत राहिल्या.

"डबा नाही आणलास?" त्या हळूच म्हणाल्या. "अच्छा. म्हणजे आता आमच्याकडून काही नको."

मी तशीच वर गेले, शीरखुर्मा डब्यात ओतला आणि पुन्हा खाली नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी डबा आला. आत साखरच होती. अब्बांना मधुमेह आहे, कित्येक वर्षं ते बिनसाखरेचा चहा घेतात. त्या दिवशी त्यांनी कप पुढे केला आणि म्हणाले, "त्यातली एक चमचा घाल."