नकाशातली कोरी जागा

पनवेलच्या बाजारात शेवळं, ही पहिल्या पावसातली रानभाजी, विकणाऱ्या मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. मला हौस त्यांच्या डोंगराच्या नावांची. समोरची डोंगरधार टॉवरांनी केव्हाच झाकली होती, तरी जुडी हातात घेतली की त्यांची हनुवटी नेमकी तिकडेच वळायची. "ही सुपडीवरची. ही घोणसपाठीची हाय." छापील नकाशात अख्ख्या धारेला एकच नाव, मावशींकडे प्रत्येक खिंडीला वेगळं. मी ती सगळी नावं मोबाइलच्या नकाशात, कुणालाही दिसतील अशी, टाकत गेलो.

एका जूनमध्ये सुपडीची शेवळं आलीच नाहीत.

"रविवारची लोकं येतात. सगलं तुडवलं," जुडीला वेल गुंडाळत मावशी म्हणाल्या. "त्यांना नाव कुणी सांगितलं, काय म्हाईत."

"मीच, मावशी. मोबाइलवर टाकलं होतं."

त्यांनी वेलीची गाठ मारली. मग उरलेली एकच जुडी माझ्या पिशवीत घातली आणि वाकून, अगदी हळू, ती कुठली ते सांगितलं.

"हे नको लिवू, दादा."

आता त्यांच्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात. ते नाव मला पाठ आहे. नकाशात तेवढी जागा अजून कोरी आहे.