ड्रम्स लूज आहेत

“ड्रम्स लूज आहेत,” शौनक म्हणाला. “ड्रमर म्हणून ही प्रणाली नको. ड्रम्स कम्प्युटरवर प्रोग्राम करून टाका.”

प्रणाली तेव्हा बाहेर व्हरांड्यात डबा खात होती. काचेचं दार अर्धं उघडं होतं. तिने ऐकलं असणार, कारण तिचा चावायचा वेग कमी झाला.

चंद्रपुरात माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. वीस वर्षं मी भीमगीतं, मार्कंड्याच्या जत्रेची गाणी आणि प्रचाराच्या गाडीवर वाजणाऱ्या घोषणा रेकॉर्ड करत आलो. अल्टरनेटिव्ह रॉक पहिल्यांदाच आला. बँडचं नाव ‘बफर झोन’, पहिला अल्बम ‘उडती राख’. आठही गाणी जंगलाच्या वेदनेवर. लिहिणारा, गाणारा आणि गिटार वाजवणारा शौनक, राजुऱ्याच्या डॉक्टरांचा मुलगा. त्याने जंगल सफारीच्या जिप्सीतून पाहिलं होतं, तेही एकदाच, आणि वाघ दिसला नाही म्हणून चिडून परत आला होता. पुण्यात तीन वर्षं राहून आल्यापासून तो शुद्ध बोलायचा आणि स्टुडिओतही गॉगल काढत नसे. बास गिटारवर नितीन. तो फक्त मान हलवायचा.

ड्रम्सवर प्रणाली, अहेरीकडची. झाडीपट्टीच्या नाटकांत ती पाच सीझन ऑक्टोपॅड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम, वाजवत होती. या अल्बमसाठी तिने यंदा नाटक कंपनीला नाही म्हणून कळवलं होतं. म्हणजे इथून काढली, तर पोरगी वर्षभर घरी.

मी शौनकला विचारलं, “लूज आहेत हे कोणी सांगितलं?”

“पुण्यातल्या एका प्रोड्युसर मित्राने. मी फोनवर ऐकवलं. आणि तुमच्या स्क्रीनवर पण दिसतंय की.”

दिसत होतं, हे खरं. रेकॉर्डिंग करताना वादकांच्या हेडफोनमध्ये एक ठोका वाजत असतो, टक, टक, टक. त्याला क्लिक म्हणतात. सगळ्यांनी त्याला धरून वाजवायचं. स्क्रीनवर त्या ठोक्याच्या उभ्या रेषा असतात. प्रणालीचे ठोके रेषांच्या पुढे पुढे सरकलेले होते.

“उद्यापर्यंत थांब,” मी म्हणालो. वीस वर्षांत शिकलेली एकच गोष्ट म्हणजे निकाल देण्याआधी प्रत्येकाला एकट्याला ऐकायचं.

शौनक गेल्यावर मी प्रणालीला एकटीला क्लिकवर वाजवायला लावलं. एकूण एक ठोका रेषेवर. रोवणीच्या बांधीत दोरी धरून लावलेलं धान असावं तसं. मग जुनं रेकॉर्डिंग काढून त्यातली शौनकची गिटार त्यातल्याच तिच्या ठोक्यांखाली ठेवली. दोन्ही बरोबर जुळले. गिटार पळत होती आणि ड्रम्स तिच्यामागे पळत होते.

“पोरी, क्लिक ऐकू येत होती ना?”

“येत होती ना, भाऊ.”

“मग सोडली काऊन?”

“शौनक समोर पळाला ना! त्याले एकटं कसं सोडू? नाटकात नट कडवं खाते, मधातूनच उचलते. आपण त्याच्या मागं जातो. पब्लिकले समजू द्यायचं नाई.”

मला हसू आलं आणि रागही आला. ज्याची अब्रू ती झाकत होती, तोच तिला हाकलायला निघाला होता. शौनकने पहिल्याच दिवशी स्वतःच्या हेडफोनमधली क्लिक मला बंद करायला लावली होती. क्लिकने म्हणे गाण्याचा ‘फील’ जातो.

“उद्या त्याच्या मागं जाऊ नको,” मी म्हणालो. “क्लिक धरून राहा.”

“तो पडन ना, भाऊ.”

“पडू दे.”

दुसऱ्या दिवशी टेक सुरू झाला. पहिल्या कडव्यातच शौनक पुढे निघाला. प्रणाली जागची हलली नाही. दुसऱ्या कडव्यात गाणं आणि ड्रम्स वेगवेगळ्या गावांना गेले. शौनक थांबला.

“बघा! स्लो वाजवतेय ही!”

मी स्पीकरवर आधी फक्त क्लिक आणि ड्रम्स लावले. दोन्ही एकदम पडत होते. मग फक्त क्लिक आणि गिटार लावली; गिटार क्लिकच्या पुढे पळत सुटली. नितीनने पहिल्यांदाच मान हलवायची सोडून तोंड उघडलं आणि खो खो हसला.

“काऊन हसून राह्यला बे?” शौनक ओरडला. तीन वर्षांचं पुणे एका वाक्यात उतरलं. मग मला म्हणाला, “भाऊ, तुमची क्लिक तर नाई बिघडली?”

“ते कम्प्युटरचं घड्याळ आहे,” मी म्हणालो. “त्याला जंगलाची वेदना होत नाही.”

त्यानंतर त्याने कानात क्लिक घेऊन सात टेक दिले. एकही शेवटपर्यंत गेला नाही. रिलीजची तारीख त्याने आधीच जाहीर केली होती. गॉगल काढून तो सोफ्यावर बसला, तेव्हा मला त्याची थोडी कीव आली. प्रणालीला माझ्यापेक्षा जास्त आली असावी.

“भाऊ, बंद करा ना ती क्लिक,” ती म्हणाली. “मी पाहून घेते त्याले.”

आठही गाणी दोन दिवसांत झाली. तो पळाला की ती पळाली, तो अडखळला की तिने तिथे असा काही तुकडा भरला की वाटावं मुद्दामच थांबलाय. शौनकला मी एकच अट घातली: अल्बमवर ड्रमरचं नाव तुझ्या नावाएवढ्याच अक्षरात. नाहीतर क्लिक आणि गिटारची ती फाइल मी जपून ठेवलेली आहे. त्याने नाव टाकलं.

अल्बम लोकांना आवडला. एका मुलाखतीत शौनक म्हणाला, “आम्ही क्लिक जाणीवपूर्वक नाकारली. आमचा ताल जंगलासारखा श्वास घेतो.” मी ते प्रणालीला फोनवर वाचून दाखवलं. ती नाटकाच्या तालमीत होती. पुढच्या सीझनला कंपनीने तिला परत घेतलं होतं.

“दुसऱ्या अल्बमले बोलावलं तर जाशील?” मी विचारलं.

“नाई, भाऊ. नट चुकला तर विंगेत येऊन निदान हात तरी जोडते. याले तर चुकल्याचं मालूमच नाई.”

आता माझ्या स्टुडिओत कोणी ‘ड्रम्स लूज आहेत’ म्हटलं, की मी मान डोलावतो आणि म्हणणाऱ्याचाच ट्रॅक एकटा लावून ऐकतो.