डब्यातली ओल

चिमूटभर तंबाखू कानाजवळ न्यायची, दोन बोटांत दाबायची आणि ऐकायचं. बारीक कुरकुर झाली की काकूंचा चेहरा उतरायचा. "वाजून राहिली गा. काल तं ओली केली होती."

तंबाखू त्यांच्या नवऱ्याची, पाइपची. काका दोन वर्षांपासून लकव्याने खाटेवर होते. वाचा गेलेली, ओळखही गेलेली. त्यांच्या हातापायांचा व्यायाम करून घ्यायला मी आठवड्यातून तीनदा जायचो. काकू मला डाक्टर म्हणायच्या. मी डॉक्टर नाही, हे दोनदा सांगून मी नाद सोडला.

गंमत म्हणजे या बाईने जन्मभर त्या धुराला शिव्या घातल्या होत्या. काका धडधाकट होते तेव्हा डिसेंबरच्या थंडीतही पाइप घेऊन अंगणात बसायचे, घरात परवानगी नव्हती. आता अर्धा उरलेला डबा काकूच जपत होत्या. "उद्या उठून मांगतली तं कोरडी देऊ काय त्यायले?"

नागपूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, इथे ओला टॉवेल पाच मिनिटांत पापड होतो. हिवाळ्यात काकू डब्यात संत्र्याची साल ठेवत आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने काढत. उन्हाळ्यात डब्याच्या तोंडाला ओलं फडकं बांधून तो कूलरसमोर, काकांच्या उशाशी ठेवत.

मग डबा काकांच्या नाकाखाली धरायचा. "पाह्यजो डाक्टर, भिवई हालली ना?"

भिवई हलायची नाही. मी म्हणायचो, "हो, थोडी." त्या 'थोडी'ची मला लाज वाटायची. पण त्यावर काकू दोन दिवस खुशीत असत, मला पोहे करून घालत, आणि मी ते खायचो.

एकदा भावाच्या तेरवीला त्या कुहीला गेल्या आणि साल डब्यातच राहिली. चार दिवसांनी पाहतात तर पांढरी बुरशी. वरची तंबाखू फेकली, खालची गच्चीवर उन्हात टाकली, तिचा भुगा झाला. "मीच नासवली गा. आता कायचा वास येईल त्यायले?" त्या दिवशीही त्यांनी डबा धरला. त्या दिवशीही मी हो म्हणालो.

यंदा जूनमध्ये काकूच गेल्या. देवपूजा करता करता, तिथेच. आधी काका जातील असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. मुलगी आली. मला म्हणाली, "व्यायाम चालू ठेवा."

गेलो. कूलर चालू होता. डब्यावरचं फडकं कडक झालं होतं. एक चिमूट कानाशी दाबली, वाजली. फडकं भिजवून बांधलं, काकांचे हातपाय हलवून होईपर्यंत थांबलो आणि मग डबा त्यांच्या नाकाखाली धरला. बराच वेळ पाहिलं.

"हलली नाही, काकू," मी म्हणालो.