दोरीच्या आत

पहिल्याच दिवशी माझ्या तोंडानं माझा घात केला. तेलंगणात, उटनूरच्या अलीकडे, सागाच्या जंगलाला लागून एक मोठं आवार आहे, तिथे आम्ही सगळे राहायला गेलो होतो. पूर आला, आग लागली, साथ पसरली तर लोकांपर्यंत मदत कशी पोचवायची, त्याचं निवासी ट्रेनिंग. संध्याकाळी आम्हाला गोल करून बसवलं आणि प्रत्येकानं आपली ओळख सांगायची, असं ठरलं. वरंगलचा एक जण समाजकार्य शिकून आलेला. हैदराबादच्या दोघी नर्स. कुणाला कॉम्प्युटर येत होता, कुणाला चार-चार भाषा. माझ्याजवळ काय होतं सांगायला? बारावी झालेली आणि बाजारात मायसोबत बसून भाजी विकायची सवय. वांगी तोलते असं सांगायची लाज वाटली, म्हणून मी सांगून टाकलं की मी पुरातून आलेली आहे.

सगळ्यांच्या माना वर झाल्या. माझ्यासाठी एवढा सन्नाटा याआधी कुठे पडलाच नव्हता, म्हणून मीही वाहवत गेले. पैनगंगेच्या काठचं आमचं गाव, रात्रीतून चढलेलं पाणी, वांग्याचं वावर कसं गेलं, घराच्या भिंती कशा बसल्या, गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या शाळेत आम्ही सगळे कसे राहिलो, सगळं सांगितलं. आणि सांगता सांगता मायची गोष्टही तोंडातून निघून गेली.

मायची गोष्ट अशी. शाळेच्या दारात मदतीची गाडी आली. तांदूळ, डाळ आणि थोडी भाजी वाटत होते. माय लाइनीत उभी. तिचा नंबर आला तशी गाडीवरच्या माणसानं तिच्या पदरात वांगी टाकली. मायनं त्यातलं एक उचलून पाहिलं, ते किडकं होतं. तिनं ते क्रेटमध्ये परत ठेवलं आणि दुसरं घ्यायला हात घातला. मुद्दाम नाही हो, सवयीनं. बाजारात आमच्या दुकानावर गिऱ्हाईक एकेक वांगं उलटून-पालटून पाहतं, दाबतं, नाक मुरडतं, आणि मायनं जन्मात कुणाचा हात अडवला नाही. तो माणूस मात्र सगळ्या गावासमोर ओरडला, फुकटचं घेते अन् वरून निवडते? मागे कुणीतरी हसलं. मायनं ते किडकं वांगं पुन्हा उचललं आणि पदरात घेतलं. त्यावर घरात आम्ही कधीच एक शब्द बोललो नाही.

गोलातल्या एका नर्सनं डोळे पुसले. ट्रेनिंग देणाऱ्या मॅडम उठून माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. हैदराबादच्या, गोड बोलणाऱ्या, कामाला वाघ. पण त्या दिवसापासून माझं नाव गेलं ते गेलंच. तेलुगूत पूरग्रस्त बाईला वरद बाधितुरालु म्हणतात. जेवणाच्या रांगेतसुद्धा मी तीच झाले.

मी तिथे कशासाठी आले होते, तेही सांगते. ट्रेनिंग संपल्यावर आमच्या भागासाठी एकाची नेमणूक होणार होती. गाडीसोबत गावागावात जायचं, काय पाहिजे ते बघायचं, वाटप करायचं. मला ती नेमणूक पाहिजे होती. पगारासाठी पाहिजे होतीच, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या वेळी शाळेच्या दारात गाडी थांबेल तेव्हा गाडीतून उतरणारी मी असावी, हे त्या वांग्याच्या दिवसापासून माझ्या डोक्यात बसलं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

आवाराला लोखंडी गेट होतं आणि गेटवर एक वॉचमन, ज्यानं स्वतःच्या सावलीलाही परवानगीशिवाय बाहेर सोडलं नसतं. मधेच घरी गेलं की नाव कटलं, हा नियम. फोन संध्याकाळपुरता हातात मिळायचा. हे सगळं मी सहन केलं असतं. मला खरं कोंडलं ते मैदानातल्या दोरीनं.

रोज दुपारी सराव असायचा. मैदानात आडवी दोरी बांधायची. दोरीच्या त्या बाजूला मदत करणारे, जॅकेट घालून. या बाजूला, म्हणजे आत, पूरग्रस्तांचं सोंग घेतलेले. बाकीच्यांच्या पाळ्या बदलायच्या. आज इकडे असला तो उद्या तिकडे. मी मात्र रोज आत. मॅडम म्हणायच्या, तुमचं इतकं खरं वाटतं, बाकीच्यांना शिकायला मिळतं. पहिल्यांदा मी हसून घेतलं. मग रीतसर दरखास्त दिली, मॅडम, मला एकदा तिकडून करू द्या. त्या म्हणाल्या, अगली बार पक्का. ती अगली बार काही उगवली नाही. मी आपली चटईवर बसून राहायची आणि माझ्यावर सगळे हात साफ करून घ्यायचे. वरंगलचा तो समाजकार्यवाला, माझ्याच वयाचा दांडगा माणूस, खांद्यावर हात ठेवून मला म्हणायचा, अम्मा, घाबरू नका. अम्मा म्हणे! माझ्या डोक्यात अशी तिडीक जायची की चटईसकट उठून जावंसं वाटायचं. पण गुण देणाऱ्या मॅडमच होत्या. गप्प बसायची.

आणि गोष्ट. ती तर रोजचीच झाली. नवीन पाहुणा आला की मला पुढे बोलवायचं. लवकरच मला कळायला लागलं, कुठे लोक खाली बघतात, कुठे रुमाल निघतो. मॅडम नंतर बाजूला घेऊन सांगायच्या, वो माँ वाला हिस्सा थोडा धीरे बोलिए, वहाँ रुकिए. आणि मी थांबायलाही लागले. मेलं ते पाणी कधीचं उतरलं होतं, पण माझ्या गळ्याशी रोज दुपारी यायचं. रात्री झोपताना मला स्वतःची किळस यायची आणि सकाळी नेमणुकीची आठवण व्हायची.

एका रविवारी माय भेटायला आली. आदिलाबादला बस बदलून, पिशवीत ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि अंबाडीची भाजी घेऊन. आम्ही गेटच्या आत, झाडाखालच्या बाकावर बसलो होतो. ती सांगत होती की यंदा मिरची चांगली आहे, वांग्यावर मात्र अळी पडली. मला इतकं बरं वाटत होतं. इथे आल्यापासून माझ्याशी पुराशिवाय कुणी काही बोललंच नव्हतं.

नेमके त्याच दिवशी वरचे साहेब लोक आले होते, ज्यांच्या हातात नेमणूक होती. मॅडमनी आम्हाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. म्हणाल्या, माँजी को अंदर लाइए, दो मिनट. मी म्हटलं, तिला हिंदी येत नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही आहात ना सांगायला. आता साहेबांसमोर नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मायला काहीच माहीत नव्हतं. तिला वाटलं, पोरीचं कौतुक करायला बोलवलं. पदर सारखा करून ती माझ्या मागे हॉलमध्ये आली आणि पुढच्या खुर्चीवर अगदी टोकाला बसली.

आधी गाव कोणतं, शेती किती, असं झालं. माय सांगत होती, मी हिंदीत सांगत होते, साहेब लोक मान हलवत होते. मग मॅडम पुढे झुकून हळूच म्हणाल्या, तो बैंगन वाला दिन... उनसे पूछिए, उस वक्त उन्हें कैसा लगा.

बैंगन मायला कळतं. बाजारात हिंदी गिऱ्हाईकं असतात. तिनं मॅडमकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. सगळा हॉल तिच्या तोंडाकडे बघत होता आणि ती माझ्या.

"तुनं सांगतलं यायले?"

मी मान हलवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पदर पुन्हा सारखा केला. मग म्हणाली, "मले काही आठवत नाही, असं सांग त्याइले."

मी तसं सांगितलं. मॅडम हसून म्हणाल्या, शरमाती हैं, थोडा ज़ोर देके पूछिए ना. आणि त्या ज़ोर शब्दावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नेमणूक समोर बसली होती, सगळं कळत होतं, तरी जीभ थांबली नाही. मी म्हटलं, "उनको याद नहीं है. और आज से मुझे भी याद नहीं है." मायचा हात धरला आणि तिला बाहेर घेऊन आले.

गेटपर्यंत मीच बडबडत होते, माझी चूक झाली, मला नेमणूक पाहिजे होती, असं काहीबाही. वॉचमननं गेट उघडलं. ती बाहेर गेली, मी आत राहिले, कारण मला बाहेर जायला परवानगी नव्हती. गजातून तिनं भाकरीची पिशवी माझ्याकडे दिली.

"मी तं कवाचीच घरी आली वो बाई त्या शाळेतून," ती म्हणाली. "तू काऊन अजून तिथंच बसून राह्यली?"

रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं खरंच विचारलं होतं. मी बाकावर बसून भाकर खाल्ली आणि खाताना रडले.

शेवटचा सराव साहेबांसमोर झाला. मला पुन्हा आत बसवलं. त्या दिवशी रिकाम्या खोक्यांऐवजी स्वयंपाकघरातून खरी भाजी आणली होती. वाटपाला तो वरंगलचा. माझ्यापुढे आला आणि त्यानं माझ्या हातात वांगी ठेवली. एकाला भोक होतं. मी ते क्रेटमध्ये परत ठेवलं आणि दुसरं उचललं. ते दाबून पाहिलं. तेही ठेवलं. तो मॅडमकडे बघायला लागला. मॅडम साहेबांकडे. माझ्या मागच्यांना गंमत वाटली असेल किंवा कळलंही असेल, त्यांनीही क्रेटमध्ये हात घातले. शिट्टी वाजली तेव्हा अर्धं वाटप राहिलं होतं. तो मला हळूच म्हणाला, तुमची सगळी गोष्ट मला माहीत आहे, तरी मलाच का अडचणीत आणता? मी म्हटलं, गोष्ट ऐकून रडायला सगळ्यांना येतं, निवडू द्यायला येतं का?

निघायच्या दिवशी मॅडमनी ऑफिसात बोलवलं. फिल्डची नेमणूक त्याला मिळाली होती. माझ्यासाठी त्यांच्याकडे दुसरं काम होतं, पगारानं चांगलं. ठिकठिकाणच्या ट्रेनिंगमध्ये जायचं आणि आपली गोष्ट सांगायची. जायचं-यायचं भाडं, राहायची सोय, सगळं. त्यांना मनापासून वाटत होतं की त्या माझं भलं करताहेत. मी हात जोडले आणि नाही म्हणाले. गेटमधून बाहेर पडताना वॉचमननं सही घेतली. बसमध्ये बसल्यावर मला धाय मोकलून रडू आलं. ज्यासाठी आले होते, ते हातचं घालवून बसले होते ना.

पुढच्या वर्षी नदी पुन्हा चढली. पहिल्याइतकी नाही, पण खालच्या आळीत पाणी शिरलं आणि आम्ही पुन्हा त्याच शाळेत. तीच फरशी, तोच फळा. मी मायशेजारी सतरंजीवर बसले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर सारखी ती मैदानातली दोरी येत होती. गाडी आली. आम्ही लाइनीत उभ्या राहिलो. गाडीतून जॅकेट घातलेला वरंगलचा तो उतरला.

मला त्याचा राग आला. खरं सांगते, पोटातून आला. तिथून उतरायची ती मी होते. त्यानं मला पाहिलं, ओळखलं आणि नजर खाली घेतली. तांदूळ-डाळीची पाकिटं वाटून झाली. मग भाजीचा क्रेट आला, तसा त्यानं गाडीवरच्या माणसाला थांबवलं. क्रेट स्वतः उचलून शाळेच्या ओट्यावर आणून ठेवला, लोकांना आतलं दिसेल असा जरा कलता. आणि बाजूला झाला.

आमचा नंबर आला. मायनं सवयीनं पदर पुढे केला. तो म्हणाला, "माँजी, देख के लीजिए."

मायनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "निवड, माय."

ती ओट्यावर क्रेटजवळ बसली. एक वांगं उचललं, देठाकडून पाहिलं, फिरवलं आणि परत ठेवलं. दुसरं घेतलं. मागे लाइन थांबली होती. कुणी हसलं नाही, कुणी घाई केली नाही, आणि माय आपली सावकाश निवडत बसली होती.