डिजाँहून मोर्वांच्या वाटेवर, लेकीच्या मागं मागं

मार्चमध्ये प्रज्ञानं एक नकाशा पाठवला. खाली एकच ओळ होती, "आई, ये. आपण सायकल चालवू." माझी लेक पाच वर्षांपासून फ्रान्समध्ये, डिजाँ शहरात राहते. वर्षभरापासून तिचे फोन आखूड होत चालले होते, म्हणून ती ओळ वाचून मी त्याच दिवशी व्हिसाच्या मागं लागले. मी शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. प्रज्ञा कॉलेजात असताना आम्ही दोघी दर रविवारी घराजवळच्या हर्सूल तलावावरून जटवाड्याच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांनी सायकली पिटाळायचो, कधी लांब वेरूळपर्यंत. मोकळ्या खडीची मला सवय होती. भीती वेगळीच होती.

मेच्या सुट्टीत निघाले. जाणाऱ्यांनी व्हिसासाठी दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. पॅरिसहून डिजाँला थेट रेल्वे आहे. स्टेशनवर प्रज्ञा उभी होती, गालाची हाडं वर आलेली. मी मिठी मारली तेव्हा तिचे हात खालीच लोंबत राहिले. किती वाळलीस म्हटलं, तर "उन्हामुळं गं," ती म्हणाली. ऊन कुठंच नव्हतं.

सायकली भाड्यानं मिळतात आणि भाडं आपल्या हिशेबानं जबरच वाटतं. ग्रॅव्हल सायकल म्हणजे रेसच्या सायकलीसारखं वाकडं हँडल, पण जाड, खाचांचे टायर. हवा थोडी कमी ठेवायची म्हणजे खडीवर हात बधिर होत नाहीत.

पहिला दिवस बर्गंडीच्या कालव्याकाठचा. वाट सपाट, दोन्ही बाजूंना झाडं, थोड्या थोड्या अंतरावर पाणी अडवणारे दरवाजे आणि शेजारी राखणदाराचं बुटकं घर. नवशिक्यालाही जमेल. प्रज्ञा पुढं, मी मागं. दुपारी एका गावात पोचलो तर बेकरी बंद, किराणा बंद, रस्त्यावर माणूस नाही. सोमवार होता. सोमवारी खेड्यात काही उघडं नसतं, एरवीही दुपारी दोन तास शटर खाली. ब्रेड आणि चीज आदल्या दिवशीच पिशवीत टाकून ठेवा.

पाणी संपलं तशी ती मला सरळ कबरस्तानात घेऊन गेली. कबरींवरच्या फुलझाडांना घालायला तिथं नळ असतो आणि सायकलवाले त्यावरच बाटल्या भरतात. पिण्याचं नसेल तर पाटी असते.

"मेलेल्यांच्या वाट्याचं पाणी प्यायचं व्हय?" मी म्हणाले.

"त्यांना काय तहान," ती म्हणाली आणि थोडी हसली. ती तिथल्या एका दगडावर बसली ती उठेचना. मला दोनदा हाक मारावी लागली.

दुसऱ्या दिवशी कालवा सोडला आणि चढ सुरू झाले. टेकडीवर शातोनफ नावाचं गाव आहे, जुन्या किल्ल्याचं. वर जायची मागची वाट पांढऱ्या चुनखडीची, चाक घसरतं, बसूनच पॅडल मारावं लागतं. वर पोचल्यावर खाली गव्हाची शेतं, त्यांत लाल खसखशीची फुलं आणि कुरणांत पांढऱ्याशुभ्र गाई. इतकं देखणं गाव मी आजवर पाहिलेलं नाही. मी फोटो काढत होते, तेव्हा किल्ल्याच्या भिंतीला टेकून ती बोलली.

"नोकरी सोडली मी. डिसेंबरातच."

"मग सांगितलं नाहीस?"

"उठवत नव्हतं गं. आधी ऑफिसला जायला, मग आंघोळीला. वाटलं तू आलीस, सायकल चालवली, तर होईल काही."

"झालं का?"

तिनं मान हलवली. नाही.

"घरी चल, बाळा. पप्पा आहेत, मी आहे."

"तिथं येऊन पण मी हीच असेन ना."

मैदानावर पडलेल्या कितीतरी पोरी मी उठवल्या आहेत. कुठं हात द्यायचा ते मला कळतं. इथं काही कळेना.

तो मुक्काम ओदेत नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या घरी होता. अशा घरगुती खोल्या स्वस्त पडतात, सकाळचा नाश्ता त्यातच येतो. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञा उठलीच नाही. डोळे उघडे होते. "तू जाऊन ये," एवढंच म्हणाली. ओदेतबाईंनी खुणेनं सांगितलं, तुम्ही जा, मी दाराशी बसते.

मी मोर्वां नावाच्या डोंगराळ भागातल्या जंगलात एकटीनं सायकल घातली. उंच झाडं, ओल्या मातीचा वास, मऊ खडीचा लांबलचक उतार. अशा उतारासाठी लोक हजारो मैल येतात. मला ब्रेक दाबून दाबून बोटं दुखेपर्यंत फक्त तिचे उघडे डोळे दिसत होते. अर्ध्यातून परत फिरले. म्हणून तिथून पुढचा रस्ता कसा आहे, ते मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी दोघी रेल्वेनं परतलो. तिथल्या साध्या रेल्वेत सायकल ठेवायला जागा असते. डिजाँला मी हट्टानं तिला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरबाई फ्रेंचमध्ये बोलायच्या आणि प्रज्ञा मला मराठीत सांगायची, आजारी ती आणि दुभाषीही तीच. त्या बराच वेळ बोलल्या. प्रज्ञा म्हणाली, "गोळ्या सुरू करायच्यात. दर आठवड्याला यायचं."

"एवढंच बोलल्या त्या?"

"तुला झेपेल तेवढं सांगितलं."

राहायची मुदत संपत आली. शेवटचे दिवस मी वरण-भात करत राहिले, ती दोन घास खात राहिली. शेजारी राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीच्या हाती घराची किल्ली दिली, तिचा नंबर घेतला. तिकीट मी तिचंही काढायला निघाले होते. ती म्हणाली, "नको आई, डॉक्टर इथं आहे." हे खरं होतं, म्हणून मला भांडताही आलं नाही.

आता इथं आमच्या सायकल ग्रुपवर सगळे मार्ग मागतात, खर्च विचारतात. मी देते. जमलं तर जाच, वाटा खरोखर लई सुंदर आहेत. मला मात्र त्या नकाशाकडं बघवत नाही.

रोज संध्याकाळी फोन लावते. ती उचलते, बोलत नाही. सुरुवातीला मीच शाळेचं, शेजाऱ्यांचं काहीबाही सांगायचे. आता मीही गप्प बसते. कधी तिकडून भांड्याचा आवाज येतो, कधी नुसता श्वास.

काल फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "काय बोलली?"

"काही नाही."

"मग इतका वेळ काय करत होता दोघी?"

"काही नाही," मी म्हणाले. "तिनं फोन ठेवला नाही, म्हणून मी पण नाही ठेवला."