एका बीजाच्या दोघी

आम्ही दोघी जुळ्या. इतक्या सारख्या, की गल्लीतल्या बाया एकीला हाक मारायच्या आणि ओ दुसरी द्यायची. बहात्तरच्या दुष्काळात मावशी आली आणि आमच्यातल्या एकीला धाराशिवला घेऊन गेली. मावशीला मूल नव्हतं. काका कचेरीत नोकरीला, घरात नळ, दारासमोर शाळा. मी येरमाळ्याजवळच्या आमच्या गावातच राहिले. माय आणि वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. पाणी, शेळी आणि चूल माझ्याकडं होती. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच.

बहीण नववीत होती तेव्हा मावशीचा निरोप आला. तिकडच्या कॉलेजातले एक प्राध्यापक जुळ्या मुलांचा अभ्यास करत होते. बुद्धी जन्मानं येते की वाढवण्यानं, हे त्यांना बघायचं होतं. वेगवेगळ्या घरात वाढलेली जोडी म्हटल्यावर त्यांनी मावशीला फार आग्रह केला होता. माय मला धुतलेलं परकर-पोलकं घालून एसटीनं घेऊन गेली.

"ही परीक्षा नाही, घाबरू नकोस," प्राध्यापक म्हणाले. पण त्यांच्या हातात काटा पळणारं घड्याळ होतं. समोर तांबडे-पांढरे लाकडी ठोकळे होते. चित्रातल्यासारखी नक्षी जुळवायची. मी तसली चित्रं कधी पाहिली नव्हती. एकेक ठोकळा मी उचलायची, निरखायची, आणि तेवढ्यात ते म्हणायचे, "वेळ संपली." त्यांनी आकडे म्हटले, मी ते उलटे म्हणायचे, ते मला बऱ्यापैकी जमलं. मग प्रश्न आले.

"रस्त्यात नळ चालू राहिलेला दिसला, तर काय करशील?"

"भांडं लावीन."

ते हसले नाहीत. पण लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला, तेवढ्यावरून मला कळलं की चुकलं. संध्याकाळी बहिणीनं सांगितलं, तिचं उत्तर होतं, 'बंद करीन.'

दुसऱ्या दिवशी मायनं त्यांना विचारलंच. ते जरा घुटमळले. मग म्हणाले, इथं वाढलेली मुलगी सरासरीच्या बरीच वर आहे, आणि ही थोडी खाली.

"कशानं?" मायनं विचारलं.

"बाई, या दोघी एकाच बीजाच्या. जन्माचं देणं दोघींना सारखंच. म्हणून तर फरक कुठून आला ते बघतोय आम्ही. एका जोडीवरून काही सांगता येत नाही."

मायनं पदर सावरला. म्हणाली, "ही मागून झाली, साहेब. गळ्याला नाळ गुंडाळली होती. रडायला लई उशीर केला हिनं. तवाच काय ते झालं असंल."

मी हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मावशी, काका, बहीण, सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. पायाला भेगा होत्या. त्या झाकायला परकर पुरत नव्हता.

गावात आल्यावर मायनं ते सगळीकडं सांगितलं. गावात नुकतीच दूध सोसायटी निघाली होती. सकाळी कॅन घेऊन बाया रांगेत उभ्या असायच्या, तिथंही ती सांगायची, "धाकटीच्या डोक्यात जन्माचंच कमी हाय. तपासून आणलंय आमी." त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नव्हतं; उलट सांगितलं की तिचं मन हलकं व्हायचं. हळूहळू लोक माझ्याशी सावकाश बोलू लागले. दूध घेणारा मापाचा आकडा मला दोनदा सांगायचा. पहिल्यांदा राग यायचा. नंतर मीच पहिल्या वेळी ऐकेनाशी झाले.

दिवाळीला बहीण आली. आम्ही सागरगोटे खेळायला बसलो. या खेळात ती मला कधीच ऐकायची नाही, झिंज्या धरायची. त्या दिवशी तिच्या हातातून गोटे सारखे निसटत होते. तिसऱ्या डावाला मी तिचं मनगट धरलं.

"मुद्दाम सोडतीस?"

तिचे डोळे भरून आले. ठोकळ्यांपुढं वाटली नव्हती एवढी लाज मला त्या वेळी वाटली. सख्ख्या, माझ्याच तोंडवळ्याच्या बहिणीनं मला वेडी म्हणून सांभाळून घ्यावं.

"मला जिंकवू नको," मी म्हणाले. "शिकवायचं तर शिकव."

तिनं शिकवलं. दर सुट्टीत ती आपली जुनी पुस्तकं घेऊन यायची. आमच्या शाळेतल्या गुरुजींनी मला वर्गात बसू दिलं. माझ्या खांद्याएवढ्या पोरांच्या रांगेत, भिंतीला टेकून मी बसायची. पोरं मला मावशी म्हणायची. बाहेरून दहावीला बसले, इंग्रजीत नापास झाले, पुन्हा बसले आणि सुटले.

निकाल लागल्यावर मी एकटी धाराशिवला गेले आणि प्राध्यापकांना म्हटलं, "मला परत तपासा." त्यांचे केस बरेच पिकले होते. त्यांनी ओळखलं. या वेळी ठोकळे माझ्या हातात पटापट बसले. सगळं झाल्यावर ते म्हणाले, "दुसऱ्या खेपेला कागद ओळखीचे असतात, त्याची थोडी सूट धरायला हवी. पण ती धरूनही तू बहिणीच्या जवळ आलीस."

एसटीत बसायला जागा नव्हती. येरमाळ्यापर्यंत मी उभीच आले आणि दमल्यासारखं वाटलंच नाही. घरात पाऊल टाकलं तेव्हा माय भाकरीचं पीठ मळत होती. मी दारातूनच सांगितलं. मला वाटलं होतं, ती पिठाच्या हातानंच माझं तोंड कुरवाळेल. खरं सांगायचं तर, तिनं खाली बघावं असंही कुठंतरी मला वाटत होतं.

तिनं खाली बघितलं. पिठातला हात तसाच राहिला.

"नाळ-बिळ काय न्हवतं," ती म्हणाली. "दोघी बी झाल्या झाल्याच रडला."

"मग का सांगायचीस?"

"जन्माचं असलं म्हंजे मह्या अंगाला लागत न्हवतं. आता कुणाच्या माथी मारू?"

मी चांगली बातमी म्हणून जे आणलं होतं, ते तिच्या दृष्टीनं तिच्यावरचा आरोप खरा ठरल्यासारखं होतं. मी जन्माची मंद असते तर तिला झोप लागली असती.

थोड्या वेळानं मी विचारलं, "मग तिलाच का दिलं? मला का न्हाय?"

"तू चटपटीत होतीस," माय म्हणाली. "टँकर कुठल्या आळीला यील ते तुला आधी कळायचं. घागर ठिवून जागा धरायचीस, मोठ्या बायास्नी ऐकायची न्हाईस. तिला ते जमत न्हवतं. रडत बसायची. मला हाताशी हुशार पाहिजे होती."

मी तिच्या पुढ्यातली परात ओढून घेतली आणि भाकऱ्या थापायला बसले. वडील आल्यावर त्यांना वाढलं, मग आम्ही दोघी जेवलो.

बहिणीला हे मी फार वर्षांनी, माय गेल्यावर सांगितलं. ती तेव्हा शाळेत मुख्याध्यापिका होती. ऐकताना ती हसायला लागली. "म्हणजे मला जमत नाही म्हणून दिलं," ती म्हणाली, "आणि हुशार म्हणून पेढे माझ्या नावाचे वाटले." मग तिचं हसू ओसरलं. चष्मा काढून ती बराच वेळ पुसत राहिली आणि म्हणाली, "तुझी जागा होती ती." मी म्हटलं, तसं काही नाही. पण माझा आवाज मलाच खरा वाटला नाही, आणि तो तिलाही वाटला नसणार.